काका थँक्यू म्हणाले

"हे मला थँक्यू म्हणाले," काकू दारातच म्हणाल्या. "दोनदा."

मेलबर्नच्या क्रेगीबर्न उपनगरातलं घर, लॉकडाऊनची दुपार. गाऊन, गॉगल, मास्क घातलेल्या आम्हा दोघांना बघून त्या मागे सरकल्या. मी मराठीत "काय झालं, काकू?" विचारलं, तेव्हा त्यांनी माझा हातच धरला आणि घाबरून सोडला.

माझ्याबरोबर ज्युली होती. ती पॅरामेडिक, म्हणजे तपासणं आणि औषध देणं तिच्याकडे. मी दहावीनंतर शाळा सोडलेला, बायकोच्या व्हिसावर सांगलीहून आलेला माणूस. एरवी डायलिसिसच्या पेशंटना ने-आण करायचो. माणसं कमी पडली म्हणून मला इमर्जन्सीच्या गाडीवर घेतलं. किती शिकलास, हे ज्युलीने कधी विचारलं नाही. तिचे उपकार मी अजून मानतो. तिच्यासमोर चूक नको म्हणून ऑक्सिजनचा सिलिंडर पुन्हा पुन्हा तपासायचो.

काका सोफ्यावर बसले होते. मुलाकडे म्हणून आले आणि विमानं बंद झाल्याने दोघं इथेच अडकले. मुलगा शिफ्टला गेलेला. त्यानेच फोनवरून अँब्युलन्स बोलावली होती.

ज्युलीने शुद्ध मोजायला घेतली. पेशंट डोळे कसे उघडतो, काय बोलतो, सांगितल्यावर हात हलवतो का, याला मार्क असतात. पूर्ण शुद्धीत असला तर पंधरापैकी पंधरा. शाळेत मला असले मार्क कधी पडले नाहीत.

काकांनी हात जोडून नाव सांगितलं, जागा सांगितली. वार मात्र चुकला.

"लॉकडाऊन आहे, मेट. वार मलाही आठवत नाही," ज्युली मला म्हणाली. "या आठवड्यातला हा सगळ्यात गोड पेशंट. बाईंची तक्रार काय आहे?"

मी काकूंना विचारलं.

"अहो, चाळीस वर्षं मी दिलेल्या पाण्यालासुद्धा नावं ठेवतात. गार आहे, कोमट आहे. आज म्हणाले, तुम्ही बसा, दमला असाल. मला 'तुम्ही' म्हणाले."

माणूस चांगला वागतोय, ही तक्रार इंग्रजीत कशी सांगायची? "ही इज पोलाइट," मी म्हणालो. "ती म्हणते, हा तो नव्हे."

मला वाटलं, ज्युली हसेल. तिने बॅगेतून साखर मोजायचं मीटर काढलं. "नेहमीसारखा नाही असं घरचं माणूस म्हणतंय ना, तेवढं पुरे."

बाहेर थंडी आणि काकांच्या कपाळावर घाम. मीटरवर दोन पॉइंट तीन; आपल्याकडच्या आकड्यांत चाळीसच्या आसपास. मेंदूला साखर कमी पडली की कुणी शिव्या देतं, कुणी झिंगल्यासारखं करतं. आणखी उतरली की फिट येते, जीवही जातो.

"काका, काही खाल्लंय का?"

"संकष्टी आहे, साहेब. चंद्रोदयानंतर."

"आणि डायबेटिसची गोळी?"

"ती सकाळीच घेतली," काकू म्हणाल्या. "म्हणतात, गोळी म्हणजे काही खाणं नव्हे."

काकांना नीट गिळता येत होतं, म्हणून ज्युलीने ग्लुकोज जेलची ट्यूब पुढे केली. काकांनी तोंड मिटून घेतलं.

"काका, जेल म्हणजे काही खाणं नव्हे," मी म्हणालो.

त्यांना ते पटलं.

काकू भिंतीला टेकून उभ्या होत्या. काही मिनिटं गेली.

"पडदा कुणी उघडा ठेवलाय?" काका एकदम म्हणाले. "ऊन येतंय डोळ्यांवर. आणि हा कोण? बूट घालून आत कसा आला?"

काकू मटकन खाली बसल्या आणि रडायला लागल्या. "आले," त्या म्हणाल्या. "हेच ते."

त्या गोळीचा असर बराच वेळ टिकतो, साखर पुन्हा उतरू शकते. म्हणून काकांना हॉस्पिटलला न्यावं लागलं. बरोबर कुणाला सोडत नव्हते. काकू गेटपाशी मला म्हणाल्या, "तिथे सांगा, हे गोड बोलायला लागले तर ताबडतोब बघा." ज्युलीने नर्सला हे शब्दशः सांगितलं. नर्सने लिहूनही घेतलं.

दुसऱ्या दिवशी काकांना घरी सोडायची फेरी माझ्याच वाट्याला आली. वाटेत त्यांनी माझं ड्रायव्हिंग, हॉस्पिटलचं ब्लँकेट आणि मेलबर्नची हवा, सगळ्याला नावं ठेवली. मला हायसं वाटलं. दारात उतरताना मात्र ते थांबले.

"थँक्यू," म्हणाले.

काकूंनी माझ्याकडे बघितलं. मुलाने आणलेलं नवं मीटर काढून त्यांनी दारातच काकांचं बोट टोचलं.

साखर उत्तम होती. माणूस कधीकधी खरंच थँक्यू म्हणतो. तरी मोजून घेतलेलं बरं.