ट्रॅक्टरवाल्याची गाडी

घरातही कुणाला सांगितलं नाही, ते आज लिहितो. मन्नाएखेळ्ळीला हायवेवर माझं पंक्चरचं दुकान आहे आणि दुकानाच्या अलीकडं रस्त्यावर खिळे मीच टाकायचो.

एका दुपारी त्यातल्याच एका खिळ्यानं पिवळीधमक, जमिनीला टेकल्यासारखी स्पोर्ट्स कार माझ्या दारात आणली. असली गाडी मी फक्त मोबाइलवर बघितली होती. आतून पांढऱ्या मिशांचे एक अप्पा उतरले आणि बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा त्यांनी गाडीवरून हात फिरवला.

गाडी इतकी खाली, की जॅक जाईना. मग फळ्या मांडून चाक वर चढवलं.

"अण्णा, ह्या गाडीची कंपनी काढणारा शेतकऱ्याचा पोरगा. आधी ट्रॅक्टर बनवायचा," ते म्हणाले.

"ट्रॅक्टर? चेष्टा करायलाव व्हय अप्पा?"

"न्हाई हो. म्हणून तर हीच घेतली. मीबी आमच्या चिटगुप्प्यात ट्रॅक्टरवरच गाडी चालवायला शिकलो."

पंक्चर निघाल्यावर त्यांनी मलाच स्टिअरिंगवर बसवलं. बटण दाबलं आणि इंजिन असं गरजलं, की शेजारच्या हॉटेलातली माणसं चहा सोडून धावत आली. मी लहान पोरासारखा हसत होतो.

"तुम्ही होता म्हणून गाडी वाचली बघा," अप्पा म्हणाले.

माझं हसू तिथंच थांबलं. "अप्पा, खिळा मीच टाकलेला."

त्यांनी आत हात घालून इंजिन बंद केलं. आता शिवी येणार म्हणून मी मान खाली घातली.

"अजून किती हायत रस्त्यावर?"

"मूठभर."

"मग चला लवकर. मागनं फटफटीवर लेकरंबाळं घेऊन माणसं यायलीत."

भर उन्हात ते माझ्याबरोबर वाकून खिळे वेचत होते. त्यांचं नाव विचारायचं धाडस मला झालं नाही.