मर्सीच्या दगडावरचा शब्द

अर्डिस टॉलमन आमच्या वेल्डन गावच्या दफनभूमीत गवत कापायची. मीही तिच्याबरोबर तेच काम करायचो. नोकरी गावाची, यंत्रं गावाची. उन्हाळाभर दर आठवड्याला एकदा ती एका दगडाभोवती यंत्र फिरवायची, आणि त्या दगडावर लिहिलेलं होतं की ती अस्तित्वातच नाही.

‘मर्सी. या गावच्या मूळ लोकांतली शेवटची. मृत्यू १८११.’

मर्सी निपमक होती, अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या एका जमातीतली. गाव वसलं त्याच्या आधीपासून तिची माणसं या नदीकाठी मका लावत होती. म्हातारपणी ती एका शेतकऱ्याच्या घरी भांडी घासत मेली. तेव्हा कुणी दगड लावला नाही. ऐंशी वर्षांनी चर्चमधल्या बायकांना एकदम तिची कणव आली. त्यांनी घरी भाजलेले केक विकून पैसे जमवले आणि हा दगड उभा केला. तेव्हापासून दर स्थापनादिनी गाव तिथं फुलं वाहतं. शाळेची मुलं येतात, बँड हळू वाजतो, बायका डोळे टिपतात. संपलेल्या माणसांवर प्रेम करणं सोपं असतं. ती जमीन मागत नाहीत.

अर्डिस मर्सीच्या मुलीच्या वंशातली. ती, तिच्या बहिणी, चुलत्या, भाचरं, सगळी नदीपलीकडे हॅरो गावात राहतात. पलीकडे का, हेही कुणापासून लपलेलं नाही. १७८९ सालच्या शरद ऋतूत आमच्या गावचा कॉन्स्टेबल मर्सीच्या मुलीच्या, पेशन्सच्या, दारात गेला. तिचा नवरा अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढून आलेला काळा शिपाई होता. युद्ध जिंकलं होतं, पगार बुडाला होता. गरिबांना पोसायची पाळी गावावर येऊ नये म्हणून तेव्हा अशांना नोटीस देत: ‘मर्सीची मुलगी पेशन्स (काळी), तिचा नवरा व मुले यांनी पंधरा दिवसांत या गावाची हद्द सोडावी.’ ती गेली. आई शेतकऱ्याच्या स्वयंपाकघरात राहिली. आधी लेकरं हाकलली, मग उरलेल्या म्हातारीला शेवटची म्हणून रडले. ही नोटीस गावानं स्वतःच्या इतिहासाच्या पुस्तकात छापलेली आहे. ते पुस्तक इथं घराघरांत असतं, पाककृतींच्या पुस्तकांशेजारी, आणि पाककृतींची पुस्तकं तरी लोक उघडतात.

एका हिवाळ्यात मेपलच्या झाडाची फांदी पडून मर्सीचा दगड दुभंगला. इतिहास समितीनं ठरवलं, नवा दगड करायचा, मजकूर तोच. समितीचे प्रमुख हार्लन थेअर. हायस्कूलमध्ये त्यांनी अर्डिसला इतिहास शिकवला होता, मलाही. आधी मूळ कागदाकडे जा, लोक काय सांगतात ते नंतर, हे त्यांचं नेहमीचं वाक्य. म्हणून अर्डिस आशेनं त्यांच्याकडे गेली. मागणी एका शब्दाची होती. ‘शेवटची’ काढा. बाकी सगळं राहू दे, फुलंसुद्धा.

आम्ही वाचनालयातल्या मागच्या खोलीत बसलो होतो. सरांनी चहा दिला, अर्डिसच्या आईची चौकशी केली. नोटीस खरी आहे हे त्यांनी मान्य केलं. पण तीत कारकुनानं पेशन्सच्या नावापुढे ‘काळी’ असं लिहिलं होतं. म्हणजे ती मूळ लोकांतली होती असं कागदावरून सिद्ध होत नाही, असं त्यांचं म्हणणं. हे ते अगदी दुःखानं म्हणाले.

“सर, मर्सीची मुलगी असंही त्याच ओळीत लिहिलंय,” अर्डिस म्हणाली.

“हो गं. पण माझ्या मनाला काय वाटतं याला किंमत नाही. कागद काय म्हणतो ते बघायचं.”

“मग दगड काय म्हणतो तेही कागदावर तपासा.”

यावर ते हसले, चुकलेल्या विद्यार्थिनीकडे बघून हसावं तसे. दगड म्हणजे पुरावा नव्हे, म्हणाले, ती गावाची आठवण आहे. त्या बायकांनी प्रेमानं लावलेला शब्द आपण कोण खोडणार. म्हणजे तिच्या आजीपणजीला पुरावा लागत होता आणि गावाच्या दगडाला नुसतं प्रेम पुरत होतं. बाहेर आल्यावर अर्डिसनं गाडीचं दार ओढून घेतलं. मग म्हणाली, “एका कारकुनानं घाईत खरडलं, आणि माझ्या रक्तातून अख्खी आई पुसली गेली. शाई महाग असेल रे तेव्हा.”

मे महिन्यात गावसभा भरली. शाळेच्या व्यायामशाळेत, नेहमीसारखी, आधी चर्चचं जेवण, डुकराचं मांस घातलेला घेवडा आणि काळा पाव. मतदारांना पिवळी कार्डं मिळतात. बाहेरगावच्यांनी भिंतीलगतच्या बाकांवर बसायचं. त्यांना बोलायचं असेल तर अध्यक्षबाई सभेला विचारतात, कुणाची हरकत? हरकत कधीच नसते. आदल्या वर्षी परक्या राज्यातला आगीचे बंब विकणारा माणूस येऊन विनोदांसकट सगळं भाषण करून गेला होता.

दगडाचा ठराव आला. अर्डिसनं बाकावरून हात वर केला. अध्यक्षबाईंनी विचारलं. मागून एक दूधवाला शेतकरी उठला आणि म्हणाला, बाई चांगली आहे, कष्टाळू आहे, पण आमच्या दगडाचं बाहेरच्यांनी काय सांगायचं? कार्डं वर झाली. नकोची जास्त होती. त्यांत तिनं ज्यांच्या आईबापांच्या थडग्यांवरचं गवत कापलं होतं त्यांचीही होती.

अर्डिस उठली, सावकाश मधल्या वाटेनं चालत आली आणि मायक्रोफोनसमोर उभी राहिली. बोलली काहीच नाही. अध्यक्षबाईंनी दोनदा जागेवर जायला सांगितलं, मग कॉन्स्टेबलकडे पाहिलं. आमचा कॉन्स्टेबल रस एल्ड्रिज. एरवी ट्रॅक्टर दुरुस्त करतो, सभेच्या संध्याकाळी खिशावर बिल्ला लावतो. तो तिच्याजवळ जाऊन हळू बोलला, पण मायक्रोफोन चालू होता.

“अर्डिस, चल ना गं बाहेर. मला कशाला लाजवतेस?”

“पंधरा दिवस दे,” ती म्हणाली. “तुझ्या आधीच्यानं दिले होते.”

काहीजण हसले, त्यांना वाटलं विनोद आहे. थेअर सर हसले नाहीत. ती नोटीस पुस्तकात त्यांनीच छापली होती. ते बुटांकडे बघत राहिले, आणि रस तिला दारापर्यंत घेऊन गेला.

माझ्याकडे कार्ड होतं. मी उठलो आणि तो एक शब्द काढावा अशी दुरुस्ती मांडली. मला सभेत बोलता येत नाही, म्हणून पुस्तकातलं ते पान वाचून दाखवलं. दुरुस्ती पडली. मी खाली बसत असताना लोकांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या, धैर्यासाठी. त्या टाळ्या मला अजून सहन होत नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

दुसऱ्या दिवशी अर्डिसनं नोकरी सोडली. नवा दगड मी आणि आणखी एकानं बसवला. पाया मी मुद्दाम तिरका घालीन असं रात्रभर ठरवलं होतं. घातला सरळच. हाताला तेच येतं.

जूनमध्ये अनावरण होतं. बँड आला, मुलं आली. आणि पुलावरून गाड्या येऊ लागल्या. टॉलमन आणि त्यांचे सगळे सोयरे उतरले: चाकाच्या खुर्चीतल्या मावशी, कामाच्या कपड्यांतले पुरुष, कडेवरची पोरं. अर्डिसनं त्यांना बजावलं होतं, एक अक्षर बोलायचं नाही. ते दगडासमोर दाटीनं उभे राहिले, सरांपासून चार हातांवर. बँडनं मध्येच वाजवणं थांबवलं.

थेअर सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. हातातल्या कागदाकडे पाहिलं, मग समोर. निदान त्या क्षणी हा माणूस तो शब्द गिळेल असं मला वाटलं. शिक्षक होते ते माझे.

“मर्सी,” त्यांनी वाचलं, “या गावच्या मूळ लोकांतली शेवटची.”

आवाज थोडाही हलला नाही. भाषण संपवून ते अर्डिसपाशी आले आणि हात पुढे करत म्हणाले, “इतके सगळे आलात, गावाला फार बरं वाटलं.”

तिनं हात घेतला नाही. “सर, किती आलो?” तिनं विचारलं.

ते तिच्यामागं उभ्या असलेल्या माणसांकडे पाहू लागले.

“मोजा,” अर्डिस म्हणाली. “आम्ही थांबतो.”