बुडालेल्या खाणींची मालकीण

धुकं इतकं खाली उतरलं होतं की समोरच्या सायकलवाल्याची पाटी दिसत नव्हती, नुसता त्याचा खोकला ऐकू येत होता. अशा हवेत काथ्या ओल धरतो, रेग्झिन आखडतं आणि गारठलेल्या बोटांना खिळा सापडत नाही. तरी मावशीनं शटर वर ढकललं, दिवा लावला आणि पहिली खुर्ची उलटी करून मांडीत घेतली. गंजके खिळे पकडीनं उपटायचे, जुनं कापड सोलून काढायचं, आतला काथ्या पिंजायचा, पट्ट्या ताणून बसवायच्या आणि वरून नवं कापड ठोकायचं. नवे खिळे ती ओठांत धरते. त्या वेळी तिच्याशी बोलायला जाणारा माणूस एक तर नवखा असतो, नाही तर तिचा नवरा.

खुर्च्या-सोफे दुरुस्तीचं हे दुकान तिच्या वडिलांचं. भावानं "ढेकणांची कामं मी करणार नाही" म्हणून हात वर केले, तेव्हा ही फ्रॉक सोडून नुकती साडीत आलेली पोरगी पुढं झाली. लोक म्हणाले, बाईमाणसाला हे जमायचं नाही. त्यातले निम्मे लोक आज तिनं भरलेल्या सोफ्यांवर बसून तेच बोलतात.

कागदाचं वेड तिला लागलं तेही एका खुर्चीतूनच. एका वकिलाची आरामखुर्ची उसवताना काथ्याच्या खाली घडी घातलेला जाड कागद निघाला. उलगडला तर चहूबाजूंनी वेलबुट्टी, वर डोंगर, डोंगरातून वाफ सोडत निघालेली आगगाडी आणि मधोमध हातात हातोडा घेऊन बसलेली एक धष्टपुष्ट बाई. एका तांब्याच्या खाणीच्या कंपनीचा शेअर होता तो. कंपनी कधीच बुडालेली. वकिलाचा मुलगा म्हणाला, "टाका कचऱ्यात." तिचे वडील म्हणाले, "टेबल डुगडुगतंय, पायाखाली सरकव." पोरीनं दोघांचंही ऐकलं नाही. कागद पोलक्यात खोचून घरी नेला आणि गादीखाली ठेवला.

"म्हातारा जन्मभर त्याच्यावर बसून पेपर वाचत होता," ती सांगायची. "बायकोला कळू नये म्हणून लपवला असणार. मला त्या म्हाताऱ्याचं लई हसू आलं, आणि मग रडूच आलं."

त्यानंतर भंगारवाले, रद्दीवाले, जुन्या तसबिरी विकणारे, सगळ्यांना तिनं सांगून ठेवलं. कुणाच्या ट्रंकेच्या आत अस्तर म्हणून चिकटवलेला कागद सापडे, कुणाच्या आरशामागं पुठ्ठ्याऐवजी लावलेला. मावशी घ्यायची ते फक्त खाणींचे. रेल्वेचे नकोत, गिरण्यांचे नकोत.

"रेल्वे निदान धावली तरी," ती म्हणे. "खाणीचं बघ की. जमिनीखाली काय आहे ते एकानंही पाहिलेलं नाही, आणि वर ही एवढी नक्षी! खोटं बोलायला छाती लागते बाबा."

कंपन्यांची नावं ती आपल्या बोलीत करून घ्यायची. एक होती 'बारमाही चांदी'. एक 'दुसरी आशा'. "पहिलीचं काय झालं ते कुणी विचारलंच नाही वाटतं," असं म्हणून ती स्वतःच पोटभर हसे.

तिचा नवरा बसचा ड्रायव्हर. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण गल्लीत अजून ड्रायव्हरच. भला माणूस, फक्त स्वस्थ बसणं त्याच्या अंगात नाही. मध्यंतरी कपाटात कसर लागली आणि 'दुसरी आशा'चा एक कोपरा खाऊन गेली. मावशी त्या दिवशी जेवली नाही. ड्रायव्हरनं ते पाहिलं आणि मनात काहीतरी धरलं.

गावात जुन्या कागदांच्या हौशी लोकांचं एक मंडळ होतं. तिकिटं, नोटा, शेअर असलं जमवणारी मंडळी. अध्यक्ष एक निवृत्त बँक अधिकारी. कागदाला हात लावण्याआधी पांढरे सुती हातमोजे चढवायचे, म्हणून मावशीनं त्यांचं नावच 'हातमोजे' ठेवलं होतं. मंडळाचं दर वर्षी प्रदर्शन भरे आणि दर वर्षी मावशीला बोलावणं येई ते हॉलच्या खुर्च्या दुरुस्त करायला. आपले कागद मांडू द्या, असं तिनं कितीदा म्हटलं असेल. हातमोजे हसून म्हणायचे, "बघू पुढच्या वर्षी."

यंदा मात्र त्यांनी हो म्हटलं होतं. खिडकीजवळची अख्खी भिंत. मावशीनं निवडून निवडून कागद काढले, पुसून कपाटात रचले. त्या भिंतीसाठी तिनं नवी साडीही आणली होती, हे ड्रायव्हरला ठाऊक होतं.

तर त्या धुक्याच्या सकाळी मावशी मंडळाच्याच खुर्च्या ठोकत होती आणि ड्रायव्हर एक मोठं पाकीट छातीशी धरून हसत हसत आत आला.

"डोळे मीट."

मावशीच्या तोंडात खिळे. तिनं भुवया उडवल्या.

ड्रायव्हरनं कापड कापायच्या टेबलावर तिचे सगळे निवडक कागद मांडले. चकचकीत. दिव्याचा उजेड त्यांच्यावरून घसरत होता. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून त्यानं एकूण एक कागद लॅमिनेट करून आणला होता.

"आता खा म्हणावं कसरीला!" तो म्हणाला. "पाणी पडो, चहा पडो, काही होत नाही. तो पोऱ्या म्हणाला, काका, शंभर वर्षं चिंता नाही."

मावशीनं खिळे तळहातावर थुंकले. एका कागदावरून बोट फिरवलं. डोंगराच्या रेषा बोटाला लागायच्या, आगगाडीची वाफ खरखरीत लागायची. आता सगळं गुळगुळीत. आंघोळीच्या बादलीसारखं.

"अहो," ती हळू आवाजात म्हणाली, "हे आता निघत नाही."

"निघायचंच कशाला?"

तिनं खुर्ची मांडीत ओढली आणि हातोडी अशी चालवली की सायकलवाला खोकायचा थांबला.

दुपारी धुकं विरलं तेव्हा हातमोजे आले, खुर्च्या कुठवर आल्या ते बघायला. टेबलाकडं नजर गेली आणि त्यांचा चेहरा घरात कुणी गेल्यासारखा झाला.

"हे कुणी केलं?"

"मी," ड्रायव्हर म्हणाला. सकाळपासून तो कोपऱ्यात स्टुलावर बसून होता.

"मेले हे कागद. संपले! याची किंमत आता शून्य. असल्या अडाणी माणसाच्या हाती द्यायची वस्तू होती का ही?"

ड्रायव्हरनं मान खाली घातली. मावशीनं हातोडी खाली ठेवली.

"साहेब, अडाणी म्हणायचा मान माझा. सकाळपासून मी राखून ठेवलाय, तुम्ही कशाला वापरता?"

"बाई, मी तुमच्याच बाजूनं बोलतोय. किंमत गेली तुमच्या कागदांची."

"किंमत तर खाणी बुडाल्या तेव्हाच गेली. मी त्यानंतर जमवायला लागले."

"हे असं चालत नाही. उद्या कुणीही प्लॅस्टिक घेऊन येईल. मंडळाची काही पत आहे. ती भिंत मी तिकिटवाल्या डॉक्टरांना देतो."

"द्या."

हातमोजे दाराशी घुटमळले. "आणि… खुर्च्या?"

"खुर्च्या वेळेत मिळतील. मी कामात खोट करत नाही."

ते गेल्यावर ड्रायव्हरचा चेहरा जरा उजळला. "माझी बाजू घेतलीस."

मावशीनं शिवणयंत्राकडं पाहून म्हटलं, "कुणीतरी सांगा यांना, बाजूबिजू काही घेतलेली नाही. उरलेल्या कागदांना हात लावला तर यांनाच त्या झेरॉक्सवाल्याच्या यंत्रातून काढून आणीन." नवऱ्याशी तिचा अबोला चालू झाला तो असा. शिवणयंत्राशी बोलायची, भिंतीशी बोलायची, त्याच्याशी नाही.

प्रदर्शनाच्या सकाळी तिनं खुर्च्या टेम्पोतून हॉलवर नेल्या आणि नवी साडी नेसून स्वतः रांगेत लावल्या. भिंतीवर काचेच्या चौकटी, काचेखाली कागद, कागदाखाली 'हात लावू नये'. खिडकीजवळ डॉक्टरांची तिकिटं. मावशीनं पिशवी उघडली आणि एकेका खुर्चीवर एकेक शेअर ठेवत गेली. पहिला निघाला होता खुर्चीतूनच, आता सगळे खुर्चीवर.

लोक आले. भाषण ऐकायला बसायचं तर सीटवरचा कागद उचलावाच लागे. उचलला की माणूस बघे, उलटा करे, शेजारच्याला दाखवे. "ही बाई हातोडा घेऊन कुणाची वाट बघतेय?" "तुझ्याकडं काय आलंय? माझ्याकडं चांदी!" "आमच्या आजोबांनी असंच कशात तरी घातलं होतं म्हणे, घरात कुणी नाव काढत नाही." व्यासपीठावर हातमोजे मंडळाचा इतिहास सांगत होते आणि खाली खाणी एका हातातून दुसऱ्या हातात चालल्या होत्या. एका म्हातारीच्या हातातला चहा 'दुसरी आशा'वर सांडला. ती घाबरली. मावशीनं नव्या साडीच्या पदरानं तो पुसला आणि कागद तिच्या मांडीवर परत ठेवला. "बघा आजी, निवांत बघा. हिला आता काही होत नाही."

भाषण आटोपून हातमोजे तरातरा खाली आले. "हे काय चालवलंय? उचला हे सगळं!"

"भिंत तुमची होती, तुम्ही काढून घेतलीत. बैठक माझ्या हातची आहे."

त्यांनी जवळच्या माणसाकडून कागद ओढला. सुती हातमोज्यातून प्लॅस्टिक सटकलं आणि 'बारमाही चांदी' फरशीवर आपटली. म्हातारीनंच ती वाकून उचलली, बाहीला पुसली आणि आपल्याकडं ठेवली.

"पुढच्या वर्षी खुर्च्या दुसऱ्याकडं जातील, बाई."

"जाऊ देत. तो दुसरा काही सीटवर कागद ठेवणार नाही." मावशी कमरेवर हात देऊन उभी होती. मंडळाचं काम वर्षाचं मोठं काम होतं, ते आता गेलं, हे तिला कळत होतं. "मी पुढच्या वर्षी कुठल्याही रस्त्यावर चार खुर्च्या मांडीन. माझ्याकडं खुर्च्यांना तोटा नाही आणि खाणींनाही."

मागच्या रांगेत ड्रायव्हर बसला होता. मांडीवर तांब्याची खाण घेऊन शेजारच्याला समजावत होता, "हे मी केलं बरं का. लॅमिनेशन." मावशीनं ते ऐकलं आणि ऐकलं नाहीसं केलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा धुकं. शटर वर गेलं. दाराशी कुणाचं तरी एक पायमोडकं स्टूल येऊन पडलं होतं. मावशीनं ते उलटं करून मांडीत घेतलं, गंजके खिळे उपटले, नवे ओठांत धरले. पट्टी ताणून धरली तर हातोडी लांब राहिलेली. तिनं इकडं तिकडं पाहिलं, शिवणयंत्राकडं पाहिलं, मग ओठांच्या कोपऱ्यातून म्हणाली,

"अहो, हातोडी द्या."

ड्रायव्हर धडपडत उठला. त्यानं हातोडी दिली, आणि तिनं पहिला खिळा ठोकला.