घुशीसाठी घेतलेली बंदूक

सकाळी चहा घेऊन मी सासूबाईंच्या खोलीत गेले. त्या जाग्याच होत्या, माळ ओढत पडल्या होत्या. पांघरुणाचं पायाकडचं टोक लाल झालेलं मला दिसलं आणि मी कपबशी तिथंच खाली ठेवली.

"काय झालं गं? काहून अशी बघून राहिली?" त्यांनी विचारलं.

त्यांना काहीच माहीत नव्हतं. मी पांघरूण वर केलं. उजव्या पायाच्या अंगठ्याशेजारचं बोट घुशीनं कुरतडलं होतं. नख नव्हतं, मांस उघडं पडलं होतं, आणि त्या मात्र माझ्या तोंडाकडे बघत होत्या, पायाकडे नाही. बऱ्याच वर्षांच्या शुगरनं त्यांच्या पावलांची जाणीव गेली होती. खडा रुतला तरी कळायचा नाही, चटका बसला तरी कळायचा नाही. पण झोपलेल्या माणसाला कुणी खातं आणि त्याला कळत नाही, हे मी पहिल्यांदाच बघत होते.

सासूबाईंना मी आत्या म्हणायची. त्यांच्या खोलीच्या भिंतीला लागूनच आमची कोठी आहे. अर्धी भिंत विटांची, वर पत्रे. हळद शिजवून, वाळवून झाली की भाव येईपर्यंत पोती तिथंच असतात. गहू, सोयाबीनही तिथंच. आमच्या कुरुंदा गावात बहुतेक घरांची अशीच रीत आहे, आणि जिथं कोठी तिथं घुशी. हळदीला त्या फारसं तोंड लावत नाहीत, पण पोती फोडतात, खालची जमीन पोखरतात, आणि गव्हाची तर नासाडीच.

आदल्या वर्षी आम्ही विष घातलं होतं. कणकेच्या गोळ्या करून कोठीच्या कोपऱ्यांत ठेवल्या. घुशी मेल्या, पण त्यातली एक आमच्या कुत्र्यानं तोंडात धरली. दुपारभर ते अंगणात पाय झाडत पडलं होतं. आत्या त्याच्या शेजारी बसून चमच्यानं तोंडात पाणी सोडत होत्या. ते गेलं तेव्हा त्या उठल्या, हात धुतले आणि म्हणाल्या, "या घरात पुन्हा विषाची पुडी आली तर मी अन्नाला शिवणार न्हाई."

मग पिंजरे लावले. पहिल्या आठवड्यात दोन-तीन सापडल्या. पुढं त्या शहाण्या झाल्या, खोबऱ्याचा तुकडा तसाच राहायचा.

आत्यांना नांदेडला नेलं. जखम आत उतरली होती, बोट काढावं लागलं. डॉक्टर शांत माणूस होता. माझ्या नवऱ्याला बाजूला घेऊन म्हणाला, "पाय आम्ही बघतो. पण घरातल्या त्या जनावरांचा बंदोबस्त तुम्ही करा. हा पाय पुन्हा असा आला तर बोटावर भागणार नाही."

दवाखान्याच्या बाहेर रसवंतीवर आम्ही दोघं उभे होतो. रस तसाच हातात. नवरा म्हणाला, "छर्ऱ्याची बंदूक घेऊ." कॉलेजात मी एनसीसीत होते. शिबिरात पॉइंट टू-टूची रायफल चालवली होती आणि बरी चालवली होती. लग्नानंतर त्या गोष्टीचा विषय कधी निघाला नव्हता, आणि तो असा निघावा असं मला वाटत नव्हतं.

पण आधी आत्यांना विचारायला हवं होतं. त्या गणपतीच्या भक्त. संकष्टी कधी चुकवली नाही. उंदीर म्हणजे देवाचं वाहन. मी दवाखान्यात त्यांच्या कॉटवर बसले आणि सांगितलं.

"मला खाल्लं म्हणून मारून राहिलेत का?" त्यांनी विचारलं.

"न्हाई आत्या. पुन्हा खाऊ नये म्हणून."

"मग मारा. पण चतुर्थीला न्हाई. आणि मला सांगत जा. माझ्या माघारी नगं."

दुसऱ्या दिवशी नणंद आत्यांपाशी बसली आणि आम्ही दुकानात गेलो. दुकानदारानं माझ्याकडे न बघता नवऱ्यापुढं बंदुका मांडायला सुरुवात केली. पहिली काढली ती त्याच्याकडची सगळ्यात ताकदीची. "हिचा छर्रा लाकडाच्या फळीतून पार जातो," तो अभिमानानं म्हणाला. नवऱ्याचे डोळे चमकले. मला आमची कोठी दिसली. पत्र्याच्या पलीकडे गोठा, गोठ्यात गाय, आणि तिच्यामागून आमच्या अंगणात येण्याची शेजाऱ्यांची रोजची वाट. फळीतून जाणारा छर्रा पत्र्यातून जाणार नाही असं कोण सांगणार?

"मला बघू द्या," मी म्हणाले.

ही बंदूक मधून मोडायची असते. नळी खाली दाबली की आतली स्प्रिंग ताणली जाते, मग छर्रा घालून नळी सरळ करायची. मी दाबली. अर्ध्यावर येऊन ती अडली. पूर्ण दाबायला मला गुडघ्याचा आधार घ्यावा लागला आणि दंड थरथरायला लागले. थरथरत्या हातानं काय नेम धरणार? दुकानदार हसला. "मॅडम, चालवायची तर साहेबांना आहे ना?" नवराही थोडा हसला. मग त्यानं माझ्याकडे बघितलं आणि हसायचा थांबला.

दुसरी होती ती पंपानं हवा भरायची. आवाज जवळपास नाही, धक्का नाही. पण तिला पंप लागतो, तिची वायसरं जातात, आणि बिघडली की नांदेडला आणायची. खेड्यात जी वस्तू बिघडली की शहरात न्यावी लागते ती शेवटी माळ्यावर पडते. तिसरी मी दुकानदाराला विचारून काढायला लावली. हलकी, मध्यम ताकदीची, दस्ता थोडा आखूड. खांद्याला लावली तर गाल आपोआप लाकडावर टेकला आणि नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेम धरायची खूण, मागच्या खाचेत येऊन बसली. नळी एका दमात दाबली गेली. त्यानं दुर्बीणही पुढं केली, पण कोठीच्या दारातून समोरच्या भिंतीपर्यंत चार ढांगांचं अंतर, तिथं दुर्बिणीत नुसता धूसर गोळा दिसला असता. आम्ही ती घेतली नाही. छर्रे मात्र दोन प्रकारचे घेतले. चपट्या तोंडाचे कागदावरच्या सरावासाठी, कारण ते गोल स्वच्छ भोक पाडतात. गोल तोंडाचे दुसऱ्या कामासाठी. दुकानदारानं "हिला लायसन लागत न्हाई" म्हणत आधारकार्डाची झेरॉक्स ठेवून घेतली. बंदूक वर्तमानपत्रात गुंडाळून आम्ही वसमतच्या गाडीत बसलो. ती माझ्या मांडीवर आडवी होती. समोरच्या सीटवरच्या बाईनं विचारलं, "काय हाय बाई?" मी म्हणाले, "नळी हाय." खोटंही नव्हतं.

आत्यांना दवाखान्यातून घरी आणल्यावर नवऱ्याला धीर धरवला नाही. मी म्हणत होते, आधी कागदावर हात बसवा. पण आईचं कापलेलं बोट त्याच्या डोळ्यापुढून हलत नव्हतं. दिवेलागणीला तो कोठीच्या दारात बसला. पोत्यांच्या कडेनं एक मोठी घूस निघाली. त्यानं मारली. छर्रा लागला, पण मागच्या अंगाला. ती फरफटत बिळात गेली आणि तिथून ओरडायला लागली. घुशीचा आवाज एवढा असतो हे मला माहीत नव्हतं. बीळ आत्यांच्या भिंतीखालून जात होतं. कुदळीनं उकरायला घेतलं तर ती आणखी आत सरकली.

आत्या कॉटवर उठून बसल्या. दोन्ही हातांनी कान झाकले नाहीत. ऐकत राहिल्या. आवाज बंद झाल्यावर त्यांनी लेकाला हाक मारली.

"माझ्या बोटाचा सूड घेऊन राहिला का रे?"

तो कुदळ घेऊन दारात आला.

"एका घावात जीव जात आसंल तर मार. न्हाईतर ते काम तुझं न्हाई."

त्यानं बंदूक आणून माझ्या हातात दिली. "माझ्यानं होणार न्हाई. तू बघ," एवढंच म्हणाला, आणि बाहेर जाऊन गोठ्यातल्या दगडावर बसून राहिला.

मग मी सुरुवात केली. कोठीच्या आतल्या विटांच्या भिंतीला वाळूची पोती रचली, म्हणजे छर्रा त्यात रुतून बसेल आणि उडणार नाही. जुन्या कॅलेंडरच्या पानांच्या पाठीवर बांगडी ठेवून गोल काढले. पहिले काही दिवस तर गोलाच्या बाहेरच. स्प्रिंगची बंदूक सुटताना उसळते. तिला घट्ट आवळून धरलं तर छर्रा भलतीकडे जातो, सैल धरलं तर बरोबर जातो. हे अंगात यायला वेळ लागला. मग बांगडीच्या ठिकाणी वाटीचं बूड, मग रुपयाचं नाणं.

रोज सकाळी स्वयंपाकाच्या आधी मी ते करायची. आत्यांची कॉट आम्ही अंगणात काढली होती, तिथून कोठीचं उघडं दार दिसायचं. पायाला पट्टी, उशीवर पाय. प्रत्येक आवाजानंतर त्या विचारायच्या, "लागलं?" मी कागद आणून दाखवायची. त्या चष्मा लावून भोकांवरून बोट फिरवायच्या.

"हे बाहेर काहून गेलं?"

"श्वास सोडला मधीच."

"मग सोडू नको ना बाई."

गावात बोलणं व्हायचंच. सून बंदूक घेऊन बसते आणि सासू बघते, हे लोकांना गमतीचं वाटलं. आत्यांना ते कळत होतं. एका बाईला त्यांनी तोंडावर सांगितलं, "तुझा पाय खाऊ दे एकदा, मग ये हसायला."

नाण्याच्या आत सलग भोकं पडायला लागली त्यानंतरही मी काही दिवस थांबले. मग एका संध्याकाळी दारात बसले. आत्यांना सांगून. घूस आली, पोत्याच्या फटीतून तोंड बाहेर काढलं, मिशा हलल्या. मला तिचे डोळे दिसले, ओले, मण्यांसारखे. कागदाला डोळे नसतात, एवढाच तो फरक, आणि त्यासाठी सरावाचा काही उपयोग नसतो. मी श्वास धरला. आवाज झाला आणि ती होती तिथंच खाली पडली, हललीसुद्धा नाही.

फावड्यावर घेऊन मी ती मळ्यात नेली, लिंबाखाली खड्डा करून पुरली. हात साबणानं धुतले, पुन्हा धुतले. मग आत्यांकडे गेले.

"लगेच गेली?"

"व्हय."

"बरं झालं." त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. त्या संध्याकाळी त्या जेवल्या नाहीत. मीही नाही. दोघींनी एकमेकींना आग्रह केला नाही.

पुढं हे अंगवळणी पडलं असं मी म्हणणार नाही. हात सराईत झाले. आणि खरं सांगायचं तर नुसत्या बंदुकीनं घुशी गेल्या नाहीत. नवऱ्यानं कोठीच्या कडेनं फुटक्या काचा आणि सिमेंट भरलं, पोती फळ्यांवर उचलली, सांडलेला गहू रोजच्या रोज झाडायला लागला. त्याचं ते प्रायश्चित्त होतं बहुतेक, पण तो तसं कधी बोलला नाही. बिळं बुजत गेली, उरलेल्या मी टिपल्या. चतुर्थीला बंदूक खुंटीवर.

ज्वारी हुरड्यात आली तेव्हा शेजारचे भावजी आले. त्यांच्या रानात मोर उतरत होते. "वहिनी, बंदूक दोन दिवस द्या, तुमचा नेम चांगला हाय तर तुमीच चला."

"मोराला न्हाई, भावजी."

"अहो, घूस काय आन् मोर काय. जीव तो जीव."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. मोर मारणं हा गुन्हा आहे, हे मी सांगितलं आणि ते गेले. पण जीव तो जीव हे वाक्य मागं राहिलं. मी ते आत्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "बराबरच हाय त्याचं. म्हणून तर मी तुला सांगत जा म्हणले."

आत्यांची जखम फार सावकाश भरली. दिवाळीनंतर त्या काठी धरून ओसरीपर्यंत यायला लागल्या. पण शुगरनं दुसरीकडून वाट काढली. मूत्रपिंडं थकली. पुढच्या उन्हाळ्यात त्या घरीच गेल्या, त्याच खोलीत, दुपारी, लेकाचा हात धरून. शेवटचे काही दिवस त्यांना माणसं ओळखू येत नव्हती. शेवटची आंघोळ घालताना मी त्यांची पावलं पुसली. जिथं बोट नव्हतं तिथं कातडी गुळगुळीत झाली होती.

यंदा हळद वसमतच्या बाजारात पाठवली. कोठी रिकामी झाली. शेवटच्या थरातल्या फळ्या नवऱ्यानं उचलल्या आणि तो थांबला. "इकडं ये," म्हणाला. फळीखाली पोत्याच्या सुतळ्या, कागदाचे कपटे आणि चिंध्यांचं घरटं होतं. आत पिल्लं. गुलाबी, डोळे न उघडलेली, एकमेकांच्या अंगावर सरकत होती. आई कुठं दिसत नव्हती.

आम्ही दोघं उकिडवे बसलो. त्यानं बंदुकीकडे बघितलं नाही, मीही नाही. तिथं नेम धरण्यासारखं काही नव्हतंच.

"काय करायचं?" त्यानं विचारलं.

विचारायला घरात दुसरं कुणी नव्हतं.

शेवटी त्यानं सगळं घरटंच फावड्यावर घेतलं आणि मळ्याच्या पलीकडच्या बांधावर, तुरीच्या वाळक्या काटक्यांच्या ढिगाखाली नेऊन ठेवलं. मी मागं चालत होते. वर घारी फिरत होत्या. आम्ही ती मारली नाहीत, एवढं म्हणता येईल. वाचवली असं मात्र म्हणता येणार नाही. त्यानं फावडं मातीत घासून पुसलं, मी ढिगावर आणखी थोड्या काटक्या टाकल्या, आणि आम्ही घराकडे वळलो.