तिनाखाली चार

श्रीगजाननाला वंदन करून लिहितो. काल नातीच्या लग्नाचा बँड ठरला, म्हणून ही आठवण. तिच्या आईचा, आमच्या शालिनीचा, विवाह दुष्काळाच्या आदल्या वर्षी संगमनेरात मुहूर्तावर लागला. तो चुकावा म्हणून मी नकळत पुष्कळ परिश्रम घेतले होते.

बँडचे सखाराम मास्तर पलटणीतून निवृत्त झालेले. लग्नासाठी नवी धून बसवून ते घोडेगावच्या बाजारी बैल घ्यायला गेले आणि वेळेवर परतलेच नाहीत. मारुतीच्या देवळापाशी नवरदेव घोड्यावर बसलेले, मुहूर्ताला अर्धा तास, आणि ढोलवाले रामभाऊ मास्तरांचा कागद धरून माझ्यापुढे उभे.

"गुरुजी, क्लॅरिनेटवाल्याला चाल पाठ हाय. मला ठेका ठावा न्हाई. हितं काय लिवलंय?"

पाच आडव्या रेघा, काळे ठिपके आणि आरंभी तिनाखाली चार. (मी संस्कृतचा शिक्षक, 'ठाऊक नाही' म्हणण्याचा सराव नव्हता.)

"हा अपूर्णांक. चारांपैकी तीन ठोके वाजवावेत, चौथ्याला मौन पाळावे."

"मौन म्हंजी गप?"

"गप."

चौथ्याला ढोल गप झाला की बँडवाले थांबत, आणि बँडच्या पुढे कोणी जायचे नाही, ही आपली रीत. त्यामुळे तीन पावले चालायचे आणि चौथ्याला अवघ्या वऱ्हाडाने थबकायचे. विहीणबाई पुढच्यांवर आदळू लागल्या. घोडा तर चौथ्याला एक पाऊल मागे येई. व्याही शांतपणे म्हणाले, "गुरुजी, लग्न आजच आहे ना?"

मांडवातून आमची ही धावत आली. "घटका भरत आली. काय केलंत तुम्ही?"

"काही नाही."

"म्हणजे केलंत."

तेवढ्यात टेम्पोतून बैलासह मास्तर उतरले. कागद पाहून मला बाजूला घेतले.

"गुरुजी, वरचं तीन म्हंजी मोजून तीन ठोके. चवथा न्हाईच, तीन झालं की पुन्हा एक. खालचं चार सांगतं, ठोका केवढ्या लांबीच्या सुराचा धरायचा. आन ही चाल हार घालताना उभ्यानं वाजवायची हुती. चालायला दोनाचा ठेका लागतो. मानसाला पाय दोनच हायेत."

दोनाचा ठेका सुरू झाला आणि वऱ्हाड जवळजवळ पळतच मांडवात पोचले. मुहूर्त साधला. हार घालताना तीच तिनाची धून इतकी गोड वाजली, की माझे डोळे भरून आले.

व्याह्यांनी विलंबाचे कारण विचारले, तेव्हा मास्तर म्हणाले, "घोडा बुजला." त्या उपकारासाठी मी मास्तरांना रोज स्मरतो, आणि घोड्याची क्षमा मागतो.

वाचकहो, तुमच्या घरची मंगलकार्ये वेळेवर पार पडोत, घरात सौख्य नांदो, आणि तेथे ठेका समजावून सांगायला माझ्यासारखा विद्वान न लाभो.