संशोधनाचं पीठ

मी तीस वर्षं आर्वीच्या बस आगारात चौकशीच्या खिडकीत बसले. 'पुलगावची गाडी कधी आहे?' हा एकच प्रश्न दिवसातून शंभरदा ऐकल्यावर माणसाच्या जिभेवर गोडी राहत नाही. माझे यजमान होते तेव्हा म्हणायचे, 'हिचा सगळा गोडवा रक्तात उतरला.' ते गेले, मी निवृत्त झाले, नालवाडीच्या घरात एकटी राहायला लागले, आणि रक्तातला गोडवा तेवढा वाढत राहिला.

शेजारीण मात्र मला चांगली मिळाली. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. घरात मुलगा-सून आहेत, पण चूल अजून हिच्याच ताब्यात. साखर तिलाही आहे. आमच्या दोन अंगणांत कमरेएवढी भिंत, आणि त्या भिंतीवरून वाट्या जातात-येतात. तिच्या पुडाच्या वड्या इकडे, माझी जवसाची चटणी तिकडे. नियम एकच, आलेली वाटी रिकामी परत करायची नाही. रिकामी वाटी दिली म्हणजे समोरच्याला वाटतं, काय बिनसलं बा हिचं? घरात काहीच नसलं तर आम्ही चिमूटभर साखर टाकून वाटी परत करतो. साखरेचा आजार असलेल्या दोन बायका एकमेकींना साखर देतात, ही गोष्ट डॉक्टरला सांगायची सोय नाही.

एका सकाळी दवाखान्यातून एक डॉक्टर पोरगी आली. जेवण बदललं तर साखर किती बदलते, यावर तिचं संशोधन चाललं होतं. वस्तीतल्या काही जणांना ती ठरवून दिलेलं जेवण जेवायला लावणार, काहींना नेहमीचंच खाऊ देणार, आणि तीन महिन्यांनी सगळ्यांचं रक्त तपासणार. कोण कुठल्या गटात, ते बंद पाकिटातून निघणार. शेजारणीनं पाकीट उघडण्याआधी डोळे मिटून हात जोडले. मी म्हटलं, "अवं, लॉटरी आहे का ही?"

तिच्यासाठी होतीच. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. दोनदा ऑपरेशनची तारीख मिळाली आणि दोनदा साखर जास्त निघाली म्हणून तिला घरी पाठवलं. तिची आई शेवटची वर्षं आंधळी होऊन खाटेवर बसून असायची. ताटात काय वाढलंय, तेही तिला विचारावं लागायचं. शेजारीण म्हणायची, "मले मरणाचं भेव नाई वं. पण तसं बसाचं नाई मले."

आणि पाकीट निघालं उलटं. नवं जेवण मला, नेहमीचं तिला. पोरगी तिला समजावून सांगत होती, "काकू, तुम्ही काहीच बदलायचं नाही. रोज खाता तेच खा." शेजारणीचा चेहरा असा पडला की मलाच अपराध्यासारखं वाटलं.

मला ज्वारीच्या पिठाची पिशवी मिळाली, मूग मिळाले, फुटाणे मिळाले, आणि एक वही मिळाली. वहीत रोजचं जेवण लिहायचं. वर जेवणाला क्रम लावून दिला. आधी काकडी-मुळा, मग वरण-भाजी, आणि भाकर सगळ्यात शेवटी. का, तर तसं खाल्लं की साखर एकदम उसळत नाही म्हणे. आता सांगा, भाजी आधीच संपवून टाकल्यावर माणसानं भाकर कशाला लावून खायची? माझी आई हेच खायची, भाकर, वरण, मूठभर फुटाणे. तेव्हा त्याला गरिबी म्हणत होते. मला दिलं तर संशोधन झालं.

चौथ्या दिवशी माझं डोकं फिरलं. त्याच दिवशी भिंतीवर वाटी आली. गुळाची दोन बोंडं होती, गरम, तुपात तळलेली. मी दोन्ही उभ्याउभ्याच खाल्ली. खोटं कशाला बोलू? वाटी परत करायची तर घरात ज्वारीच्या भाकरीशिवाय दुसरं काही नव्हतं. भाकरीचे तुकडे केले, वर वरण घातलं, आणि दिली.

शेजारीण वाटी धरून तशीच उभी. "उद्याही देजो," ती हळूच म्हणाली.

"तू घरी कर ना भाकर! ज्वारीच तर आहे ती."

"तुले काय समजते? दवाखान्यातून काय कोणी नुसतं पीठ देते? दवाई हाये त्यात."

मी तिच्यासमोर चिमूटभर कच्चं पीठ खाऊन दाखवलं. "बघ, आहे का काही?"

"दवाई अशी दिसली असती तं सारेच डॉक्टर झाले असते."

"आणि तुला काही बदलायचं नाही सांगितलंय, त्याचं काय?"

"मी कुठी काय बदलून राह्यली? तुही वाटी तं मी बारा वर्षांपासून खाऊन राह्यली. थे नेहमीचंच झालं."

मला वाद घालायचाच नव्हता, कारण दुसऱ्या दिवशी तिच्याकडे गोळाभात होता.

मग काय विचारता! सकाळी तिच्याकडून पोळ्या, आलूची रस्सेदार भाजी, दुपारी साबुदाण्याची उसळ. माझ्याकडून भाकर, मूग, काकडी. वाटीची डबी झाली, डबीचा डबा झाला. ती क्रमसुद्धा पाळायची, आधी काकडी संपवल्याशिवाय भाकरीला हात नाही. एवढी शिस्त मी आगारात एकाही प्रवाशात पाहिली नाही. आणि मी वहीत लिहायची, 'काकडी, वरण, भाजी, भाकर दीड.' हे खाल्लं गेलं, एवढं खरं होतं. कुणी खाल्लं, असा रकाना वहीत नव्हता.

दर आठवड्याला पोरगी यायची, वही बघायची आणि म्हणायची, "काकू, सगळ्यांत छान वही तुमची!" मला लाज वाटायची. पण चहाबरोबर चिवडा खाल्ला की कमी व्हायची.

तीन महिने झाले, रक्त घेऊन झालं. नंतर एका दुपारी पोरगी दोन कागद घेऊन आली आणि माझ्या ओट्यावर बसली. चेहरा रडवेला. शेजारीणही भिंतीपाशी आली.

"काकू, काहीतरी चुकतंय," पोरगी म्हणाली. "तुम्ही सगळं नीट पाळलं, तर तुमची साखर वाढली. आणि या काकूंनी काहीच बदललं नाही, त्यांची उतरली. मी नळ्यांची अदलाबदल झाली का ते दोनदा तपासलं. रात्रंदिवस काम केलंय हो मी. आता हे मी सरांना कसं सांगू?"

मी खिडकीतल्यासारखं तोंड कोरं ठेवलं. तीस वर्षांचा सराव होता. पण शेजारणीला खोटं पचत नाही. "नळ्या नाई बदलल्या, पोरी," ती म्हणाली, "ताटं बदलली. हिची भाकर मी खाल्ली. माह्ये बोंडं हिनं."

पोरगी माझ्याकडे बघत राहिली. मी वहीकडे. मग म्हटलं, "चुकलं माझं. तू माझं नाव काट."

"दोघींचंही काटावं लागेल," ती म्हणाली. मग वही मिटून तिनं विचारलं, "काकू, भिंतीवरून असं आणखी कुठं कुठं चालतं?"

शेजारणीनं बोटं दाखवून अख्खी ओळ सांगितली. पोरगी कपाळाला हात लावून हसायला लागली. "मग पुढच्या वेळी घरागणिक पाकीट नाही. पूर्ण गल्लीच एका गटात!" जाताना तिनं शेजारणीला तिच्या तपासणीचा कागद दिला आणि सांगितलं, यात औषध नव्हतं, ज्वारीच होती, आता घरी करून खा. शेजारणीनं मान डोलावली. पोरगी वळल्यावर मला डोळा मारला. दवाई होतीच, यावर ती आजही ठाम आहे.

त्याच कागदावर तिला ऑपरेशनची तारीख मिळाली. सगळ्या गल्लीत तिनं माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं, "हिनं माह्यासाठी स्वतःच्या तोंडचा घास देला." बाया माझ्याकडे आदरानं बघायला लागल्या. मी कसला घास देणार? मला भाकर नको होती आणि बोंडं हवी होती, एवढंच. दोनदा खरं सांगायला गेले, तर म्हणाली, "राहू दे वं, मोठेपणा नको लपवू." आता बोला!

पट्टी निघाली त्याच्या तिसऱ्या दिवशी ती काळा चष्मा लावून भिंतीपाशी आली. चष्मा वर केला आणि मला न्याहाळत म्हणाली, "अवं माय! तू इतकी म्हातारी कवा झाली?"

"तुला दिसत नव्हतं तेव्हा," मी म्हटलं.

ती हसली नाही. भिंतीवरून वाकून खाली बघत होती. मी उन्हाळ्यातसुद्धा मोजे का घालते, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. तीन आठवड्यांपूर्वी नख काढताना पायाच्या अंगठ्याला जरासं लागलं होतं. ते भरत नव्हतं, आणि दुखतही नव्हतं. त्या दिवशी पाय धुऊन मी मोजे वाळत घातले होते.

"काळं काऊन पडलं थे?"

"काही नाही. चप्पल लागली."

ती वळसा घालून फाटकातून माझ्या अंगणात आली. कुणाचा हात न धरता, दोन वर्षांत पहिल्यांदा. खाली बसली, माझा पाय मांडीवर घेतला आणि अंगठा असा फिरवून फिरवून पाहिला. मग तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. डॉक्टरनं रडायचं नाही म्हणून बजावलं होतं तिला.

"चाल, ऑटो बोलावू. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात."

"जेवून जाऊ," मी म्हटलं. "भूक लागली मला."

"भूक नाई लागली तुले," ती म्हणाली.

खरंच नव्हती लागली. मी भ्याले होते, पार भ्याले होते, आणि इतके दिवस ते कुणाला कळू दिलं नव्हतं. तिला आता दिसत होतं.