रस्ता कुणी आणला

निवृत्त मास्तर ही गावाच्या मालकीची वस्तू असते, असा आमच्या गावाचा ठाम समज आहे. कडेगावच्या बाजूला एका हायस्कुलात उभी हयात भूगोल शिकवून मी पाचगणीच्या पलीकडच्या डोंगरातल्या माझ्या गावी परत आलो. बॅगा सोडून होतात न होतात तोच सरपंच दारात हजर. गावच्या कमानीजवळ पर्यटकांसाठी मोठा फलक लावायचा होता. त्यावर गावाचा भूगोल, इतिहास आणि अर्थकारण, सगळं हवं होतं.

"तुमी भूगोलाचं माणूस. एका दुपारचं काम हाय, सर," ते म्हणाले.

त्या एका दुपारच्या कामाला पुढं चार महिने लागले.

भूगोलात भांडण्यासारखं काही नसतं असा माझा भाबडा समज होता. मी लिहिलं की गाव डोंगराच्या मधल्या टप्प्यावर आहे, वर जांभ्या दगडाचा सडा म्हणजे उघडं पठार, खाली ओढा, पावसाळ्यात चार महिने धो धो पाऊस आणि होळी झाली की पाण्याची बोंब. पंचायतीतल्या बैठकीत 'बोंब' खोडण्यात आली आणि तिथं 'मुबलक पाणी' आलं. मी विचारलं, मग उन्हाळ्यात टँकर येतो तो पाणी न्यायला येतो का? सगळे मनापासून हसले. मुबलक पाणी तसंच राहिलं.

अर्थकारणात मी खरं ते लिहिलं: उतारावर नाचणी, खाली थोडं भात, चार-दोन घरांची स्ट्रॉबेरी आणि बाकी गाव शहरात कामाला गेलेल्या नाहीतर फौजेत असलेल्या पोरांच्या जिवावर चालतं. ते सगळं खोडून 'स्ट्रॉबेरीचं गाव' असं ठेवलं. हा शोध लावणारा गृहस्थ पुण्यात राहतो आणि यात्रेला तेवढा दोन दिवस येतो. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळ्यात लांबलचक सूचना अशाच लोकांच्या असतात, हे माझ्या एव्हाना लक्षात आलं होतं. गावात राहणाऱ्यांना एवढं टाइप करायला वेळच नसतो.

पण खरी डोकेदुखी इतिहासाची होती. आमच्या गावाचा इतिहास म्हणजे घाटाचा रस्ता. त्याआधी आजारी माणूस बांबूच्या डालग्यात बसवून खाली न्यायचे. आता प्रश्न असा, की हा रस्ता कुणी आणला? आमच्याकडे रस्ता कुणी बांधत नाही, पुढारी तो आणतात, टेम्पोत घालून आणल्यासारखा. गावात दोन गट, दोन गटांचे दोन पुढारी, आणि दोघांनीही तोच रस्ता आणलेला. मी पाच वेळा मजकूर लिहिला आणि पाचही वेळा एक गट चहा न पिता उठून गेला.

हे सगळं मी घरी येऊन सांगायचो तेव्हा माझी आई ओट्यावर बसून ऐकायची. ती शाळेत कधी गेली नाही. तिनं माझ्याकडं आजवर फारसं काही मागितलेलंही नाही. एका संध्याकाळी ती म्हणाली, "त्यो रस्ता आमी केलाय. बहात्तरच्या दुष्काळात हातोडीनं खडी फोडलीया. तेवढं लिव."

"लिहितो की."

"व्हय म्हणू नगंस नुस्तं. लिव. माज्या संगतीच्या समद्या गेल्या. मी हाय तवर लिव."

मी तेव्हा शाळेतही जात नव्हतो, पण मला तिचे हात आठवतात. रात्री भाकरी थापताना पीठ लाल व्हायचं. त्या दुष्काळात वरची आळी आणि खालची आमची बौद्धवस्ती एकाच ढिगाला बसली होती. एरवी पाण्याचा हंडा शिवू न देणाऱ्या बायका आईच्या शेजारी बसून खडी फोडत होत्या. माझ्या मते गावाच्या इतिहासात सांगण्यासारखं असेल तर एवढंच आहे.

म्हणून मी एक ओळ लिहिली: 'बहात्तरच्या दुष्काळात गावच्या बायकांनी हातांनी खडी फोडून हा घाटरस्ता तयार केला.' बैठकीत वाचून दाखवली आणि काय सांगू, चार महिन्यांत पहिल्यांदा दोन्ही गटांचं एकमत झालं. ओळ नको.

"सर, तुमची आई फोडत हुती, तशी आमची बी फोडत हुती," एक म्हातारे म्हणाले. "पर ते कमानीवर कशाला? पोरांच्या सोयरिकी व्हायच्यात. पावनी माणसं येत्याल, पयला फलक वाचत्याल, आन् म्हणत्याल, ही तर खडी फोडणाऱ्यांची घरं."

मी वाद घालायला हवा होता. वर्गात पोरांनी एवढं काही खपवून घ्यायला लावलं असतं तर मी छप्पर डोक्यावर घेतलं असतं. पण मी कंटाळलो होतो, मला ते प्रकरण एकदाचं हातावेगळं करायचं होतं. 'दोन्ही नेत्यांच्या अथक प्रयत्नांतून रस्ता साकार झाला' यावर मी मान हलवली. आणि घरी आल्यावर आईला सांगितलं, "आलं बघ फलकावर."

फलक लागला त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी ती काठी घेऊन तयार. मी म्हटलं, ऊन होईल, नंतर जाऊ. ऐकेल तर शपथ. हळूहळू चालत आम्ही कमानीपाशी पोचलो. फलक चांगला माणूसभर उंच, कोपऱ्यात भलीमोठी स्ट्रॉबेरी.

"वाच," ती म्हणाली.

मी वाचू लागलो. मुबलक पाणी वाचलं, स्ट्रॉबेरीचं गाव वाचलं. नेत्यांची ओळ मी गाळली आणि शेवटी माझी ती ओळ सावकाश, स्पष्ट म्हणून दाखवली. बायकांनी, हातांनी, खडी फोडून. तिनं डोळे मिटून ऐकली. मला वाटलं, झालं, सुटलो.

मग ती फलकाजवळ गेली. "कुटं हाय ती? दाव."

मी तळाच्या ओळीवर बोट ठेवलं. तिथं 'आपले सहर्ष स्वागत' असं होतं.

तिनं ओळीच्या या टोकाला हात लावला, मग त्या टोकाला.

"तू लय लांब वाचलंस," ती म्हणाली. "ही तर वीतभर हाय."

मी काहीतरी पुटपुटलो. जोडाक्षरं, बारीक टाइप, असलं काहीतरी. तिनं माझ्याकडं पाहिलंही नाही. पदर डोक्यावर सारखा केला आणि काठी उचलली.

"खडीवरचा मुकादम बी असंच करायचा," ती म्हणाली. "कागदावर एक लिवायचा आन् आमास्नी दुसरंच वाचून दावायचा. पर त्यो परका हुता."